गजराबाईच्या डब्यातली आमटी

मुरूमच्या अलीकडं, सडकेला लागून असलेल्या एका गावात लिंबाजी आणि त्याचा मुलगा वैजनाथ असे दोघेच एका घरात राहत. घर धड होतं. पत्रे नवे होते, अंगणात बोअर होता, गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि ओढ्याच्या अंगाला काळंभोर रान होतं. घरात बाई तेवढी नव्हती. गजराबाई, म्हणजे वैजनाथची आई, काविळीनं गेली त्याला काही वर्षं झाली होती, आणि ती गेल्यापासून त्या घरात कालवण शिजलं नव्हतं.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण खरंच शिजलं नव्हतं. भाकऱ्या शेजारच्या महादेवीअक्का थापून देत आणि त्यांच्याकडं इकडून रोज तांब्याभर दूध जाई. भाकरीबरोबर दही, ठेचा, शेंगदाण्याची चटणी नाहीतर नुसता बुक्की मारून फोडलेला कांदा. मुरूमच्या बाजाराला गेलं की कागदात बांधून भजी. ‘‘कालवण न्हाय म्हणून कुणी मेलंय का?’’ असं लिंबाजी म्हणायचा, आणि भाकरीचा कोरडा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायचा. गॅसची शेगडी चहापुरती पेटे. तिच्या दुसऱ्या बर्नरवर वैजनाथनं ट्रॅक्टरच्या पान्ह्यांची पेटी ठेवून दिली होती, कारण घरात तेवढी एकच जागा कोरडी होती म्हणे.

हे असंच चाललं असतं. अडलं ते वैजनाथच्या लग्नापाशी.

वैजनाथ चौतिशीला आला होता. ट्रॅक्टरला टेकून, काळा चष्मा लावून काढलेला त्याचा फोटो आणि बायोडाटा अर्ध्या जिल्ह्याच्या मोबाईलवर फिरून आला होता. मुलींच्या बापांना नोकरीवाला जावई पाहिजे. त्यात मुलींचं काही चुकतं असं कुणी म्हणू नये. आईला उन्हातान्हात खुरपताना पाहिलेली पोर पुन्हा त्याच उन्हात कशाला येईल? चूक नेमकी कुणाची, यावर पारावर बसून बोलणारे पुष्कळ होते, आणि त्या सगळ्यांची लग्नं झालेली होती.

तरी दोन-तीन जण घर बघायला आले. त्यांच्या भावकीत एक रीत होती. मुलीकडचे घर बघायला आले आणि जेवायला बसले, ताटाला हात लावला, की सोयरीक पसंत. नुसता चहा घेऊन उठले, की काय समजायचं ते समजायचं. पुढं कुणी तोंडानं नाही म्हणायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. लिंबाजीच्या घरून सगळे चहा घेऊन उठले होते. तुळजापूरकडचा एक गृहस्थ पाणी मागायच्या निमित्तानं आत डोकावला, शेगडीवरची पान्ह्यांची पेटी बघून आला आणि बाहेर पडताना सोबत्याला म्हणाला, ‘‘यांला सून नगं, सैपाकीण पायजे.’’ वैजनाथ दाराआड उभा होता. ते वाक्य त्याच्या कानातून गेलंच नाही.

तेव्हापासून त्याचं मन घरात लागेना. गावात लग्न निघालं की त्याला पंगतीत वाढायला बोलवत, कारण तो रिकामा. दोस्तांच्या पोरांच्या बारशाला तो जाईनासा झाला. रानातून दिवेलागणीला परतला की अंगणात उगीच उभा राही. आत जाऊन दिव्याचं बटण दाबावं, असं त्याला वाटतच नसे. आपण असेच म्हातारे होणार, एक दिवस वडील, म्हणजे आबाही जातील आणि मग ह्या घरात आपण एकटेच कांदा फोडत बसणार, ही भीती त्याला खरी वाटायला लागली होती. ती त्यानं कुणाला सांगितली नाही.

अशात सिद्धेश्वर नावाच्या मध्यस्थानं एक ठिकाण आणलं. सिद्धेश्वरचं मुरूमला आडतीचं दुकान, माणूस भला. मुलगी भूमकडची, नाव शिवांजली, बारावी शिकलेली, वय जरा पुढं गेलेलं. वडील तिथल्या एका शाळेत शिपाई. ‘‘पोरीला शेतकरी चालतोय,’’ सिद्धेश्वर म्हणाला. ‘‘म्हणती, माणूस बरा पायजे. पुढल्या पंधरवड्यात तिचा बाप आणि आजी घर बघाया येतेत. आता हे बी गेलं, लिंबाजीमामा, तर माझ्याकडं दुसरं न्हाय बघा.’’

वैजनाथनं फोटो पाहिला. साधी मुलगी होती, कपाळावर बट आलेली, फोटो काढणाऱ्यावर जरा रागावल्यासारखी बघत होती. त्याला ती आवडली. इतकी आवडली की त्यानं फोटो दुसऱ्यांदा उघडायची हिंमत केली नाही.

लिंबाजी लगेच महादेवीअक्कांच्या दारात गेला. ‘‘त्या दिवशी सैपाक तुमीच करा, अक्का. दोन ताटं झकास जाऊ द्या.’’

अक्का सरहद्दीपलीकडच्या, आळंदच्या. मराठी इथलीच बोलत, पण राग आला किंवा माया आली की मधूनच कानडी शब्द सुटे. त्या म्हणाल्या, ‘‘माझी लेक बाळंतपणाला टेकलीय. कधी फोन यील आन् कधी जावं लागंल, सांगता येत न्हाय. आन् एक दिवस म्या रांधीन, दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं येऊन काय बघावं, ती पान्ह्यांची पेटी? वैजू, तू ये इकडं. तूच शीक. जड न्हाय.’’

लिंबाजीला हे पटलं नाही. ‘‘गडी माणूस शेगडीपुढं? गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय.’’ पण वैजनाथ कधी नव्हे ते बापापुढं ठाम राहिला. शेवटी लिंबाजी म्हणाला, ‘‘शीक मग. पर दार लावून शीक.’’

म्हणून वैजनाथ दार-खिडकी लावून आमटी शिकला.

आमटी येसरची. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, त्यात मसाला घालून दळायची, त्या पिठाला येसर म्हणतात. येसर घरात असलं की आमटीला डाळीची गरज पडत नाही. गजराबाईच्या हातची ही आमटी भावकीत नावाजलेली होती. अक्कांनी आपल्या घरचं येसर डबीत आणून दिलं, आणि कांदा कसा चिरायचा इथपासून सुरुवात केली.

पहिल्या दिवशी त्यानं शेगडी फुल्ल सोडली. कांदा बाहेरून काळा झाला आणि आत कच्चाच राहिला. ‘‘निधान, वैजू, निधान,’’ अक्का म्हणाल्या. निधान म्हणजे सावकाश. ‘‘तुला काय एसटी गाठायचीय? कांद्याला त्याच्या गतीनं लाल होऊ दे. कांदा कच्चा तर कालवण कच्चं. मग वरनं काय बी घाल.’’

दुसऱ्या खेपेला कांदा लाल झाला, पण त्याच आनंदात त्यानं काळं तिखट तापलेल्या तेलात एकदम टाकलं. दार बंद. घरात तिखटाचा असा खाट उठला की अक्का पदर तोंडाला लावून मागच्या दारानं पळाल्या, गोठ्यात म्हशी फुरफुरायला लागल्या आणि लिंबाजी ढासत अंगणात आला. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, ‘‘काय जळालं वो, मामा?’’

‘‘काय न्हाय. कचरा पेटवलाय,’’ लिंबाजी म्हणाला.

वैजनाथनं ते आतून ऐकलं. त्याचे डोळे तिखटानं आधीच वाहत होते, त्यामुळं वेगळं काही पुसावं लागलं नाही.

तिसऱ्या खेपेला येसर थंड पाण्यात न कालवता सरळ उकळत्या पाण्यात ओतलं गेलं. गोळेच गोळे झाले. लिंबाजीनं ते भाकरीबरोबर मुकाट्यानं खाल्ले आणि ‘‘उंडं बरं झालेत,’’ एवढंच म्हणाला. त्याला खरंच वाटलं होतं की आज आमटीत सोडतात तसले पिठाचे उंडे केलेत. मग कधी पाणी जास्त झालं, कधी खोबरं करपलं. पाहुण्यांचा दिवस जवळ येत चालला आणि वैजनाथच्या हाताला काही वळण लागेना. रानात पाणी धरताना तो मनाशी घोकायचा: आधी तेल, मग जिरं, मग कांदा, लाल होईस्तोवर थांबायचं, आच बारीक करायची, मग लसूण-खोबऱ्याचं वाटण, मग तिखट, कडेनं तेल सुटलं की कालवलेलं येसर, गरम पाणी, मीठ, आणि उकळी आली की झाकण उघडून बघायचं नाही. गुणिले-भागिले करावं तसं तो घोकत होता. बारावीला त्यानं एवढा अभ्यास केला असता तर आज नोकरीवाला असता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे अक्कांच्या लेकीचा फोन आला आणि अक्का आळंदला निघाल्या. निघायच्या आधी त्यांनी भाकऱ्या मात्र थापून ठेवल्या, कडक भाकरी दुसऱ्या दिवशीही चालते म्हणून. बॅग उचलता उचलता म्हणाल्या, ‘‘आन् ध्यानात ठेव, पाहुण्याच्या ताटात पडायच्या आधी चव बघायची न्हाय. उष्टं व्हतंय. मीठ नदरंनं घालायचं.’’

‘‘नजरेनं कसं कळंल, अक्का?’’

‘‘कळंल. निधान कर.’’

त्या गेल्या आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तशात गुळाचा घोळ झाला. लिंबाजीनं आठवड्याच्या बाजारातून गुळाची ढेप आणली होती, ती मोटारसायकलवर डिझेलच्या कॅनशेजारी बांधून. सगळ्या ढेपीला डिझेलचा वास. वैजनाथनं सकाळी चहा केला आणि एक घोट घेऊन ओरडला, ‘‘आबा, हा चहा हाय का ट्रॅक्टर?’’ पाहुण्यांसाठी मग धावतपळत साखर आणावी लागली. ढेप फडताळात पडून राहिली.

पाहुणे यायच्या दिवशी वैजनाथनं उजाडताच शेगडी पेटवली. पान्ह्यांची पेटी गोठ्यात गेली. कांदा लाल झाला, सारखा लाल झाला. वाटण पडलं. तिखट पडलं आणि खाट उठला नाही. कडेनं तेल सुटलं. येसर ओतलं तेव्हा एकही गोळी झाली नाही. मग उकळी आली आणि जो वास उठला तो वैजनाथनं ओळखला. आईचा वास होता तो. सणाच्या दिवशी शाळेतून येताना वळणापासून यायचा तोच. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं की आनंदानं की कशानं.

आणि मग त्याच्या मनात आलं: मीठ घातलं का?

त्याला आठवेना. मिठाची बरणी जवळ होती, झाकण उघडं होतं. पण चमचा हलवल्याचं आठवेना. दुसऱ्यांदा घातलं आणि खारट झालं तर सगळंच गेलं. चव बघावी तर उष्टं. बोटभर आमटी घेऊन त्यानं हात वर नेला आणि पुन्हा खाली केला. असा तो कितीतरी वेळ पातेल्यापुढं उभा राहिला, आणि बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

सिद्धेश्वरच्या मागून मुलीचे वडील आले. किडकिडीत, हळू बोलणारे. बरोबर त्यांची आई, दगडाबाई. वाकलेली, पण डोळे तरतरीत. त्यांनी रान पाहिलं, बोअर पाहिला, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं बरं चाललं होतं. ओट्यावर बसल्यावर मुलीचे वडील म्हणाले, ‘‘मामा, माझं म्हणणं लई न्हाय. थोरली पोरगी दिली तवा त्या लोकांनी लई खोटं सांगितलं. पोरगी भोगतीय आजपतूर. तवा मला जे हाय ते खरं सांगा. कमी असलं तरी चालंल.’’

‘‘म्हंजे काय! खोटं कशाला?’’ लिंबाजी म्हणाला.

ताटं मांडली. आश्चर्य म्हणजे ते बसले. दगडाबाई तर आधी बसली. वैजनाथनं आतून वाफाळती आमटी आणून वाढली आणि स्वयंपाकघराच्या दारात, पळी हातात धरून उभा राहिला. पळीतला शेवटचा थेंब खाली पडला. आता फक्त हात पुढं जायचा होता.

‘‘वास लई गोड सुटलाय,’’ दगडाबाई म्हणाली. ‘‘कुणी केलीय आमटी?’’

लिंबाजीचं तोंड उघडलं आणि त्यातून गावाच्या लाजेनं उत्तर दिलं. ‘‘शेजारच्या महादेवीबाईनं. आमच्याकडं रोज तिचाच सैपाक असतोय. गडीमाणसं काय रांधणार?’’

मुलीच्या वडिलांचा भाकरीकडं निघालेला हात थांबला. ‘‘रोज शेजारीण रांधती? मग उद्या आमची पोरगी आली की ती काय यायची न्हाय. म्हंजे दोन गडी, म्हशी, रान, आन् एकटी पोर.’’

‘‘व्हईल की सवय हळूहळू,’’ लिंबाजी म्हणाला.

वैजनाथला राहवेना. ही एवढीच त्यांची धास्ती असेल तर तिचं उत्तर त्याच्या हातात होतं, पळीसकट. तो पुढं आला. ‘‘आमटी म्या केलीय,’’ तो म्हणाला. ‘‘म्या शिकलोय. तिला एकटीला पडू देणार न्हाय. ती भाकरी करंल तर कालवण म्या करीन. न्हाय तर भाकरी बी शिकीन.’’

दगडाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. मुलीच्या वडिलांनीही वर बघितलं, आणि क्षणभर त्यांची नजर खरोखर मऊ झाली. वैजनाथला वाटलं, झालं. मग ती नजर लिंबाजीकडं वळली.

‘‘मग आत्ता तुमी काय म्हणलाव, मामा?’’

सिद्धेश्वर खाकरला. ‘‘ते म्हंजे, म्हातारं माणूस, लाजतंय जरा.’’

‘‘लाजायचं काय त्यात? पोरगा रांधतोय म्हणल्यावर मला बरंच वाटलं असतं,’’ मुलीचे वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानं ते जास्त लागलं. ‘‘पर म्या आत्ताच मागितलं व्हतं, खरं सांगा म्हणून. अन् पहिल्या ताटालाच हे.’’ त्यांनी ताटाला न लागलेले हात तांब्यातल्या पाण्यानं धुतले आणि ते उठले.

‘‘आरं, ताट वाढलंय की रं,’’ दगडाबाई म्हणाली.

‘‘आई, उठा.’’

म्हातारी उठली, पण पाय निघेना. वैजनाथकडं बघून हळूच म्हणाली, ‘‘डब्यात तरी घाल थोडी, लेकरा. वाटंत खाईन. माझ्या गोळ्या घ्यायच्या हायत.’’

वैजनाथनं फळीवरचा स्टीलचा डबा काढला. गजराबाईच्या वेळचा, झाकणावर नाव घातलेला: गजराबाई लिंबाजी, आणि खाली गावाचं नाव. काठोकाठ भरून त्यानं तो म्हातारीच्या हातात दिला. एसटी गेली. मग त्यानं पातेलं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. लिंबाजी ओट्यावर बसून बघत होता. ‘‘आरं, पर,’’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्या घरात मग बोलणं असं राहिलं नाही. वैजनाथ रानातून यायचा, ठेचा-भाकरी खायचा, पडायचा. बापाशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडलाही नाही. त्याला राग यायचा आणि लगेच आबांची कीव यायची, आणि त्या दोन्हींच्या मध्ये शिवांजलीचा तो रागावलेला चेहरा यायचा. आणि त्याच्याही मध्ये, वेड लागल्यासारखं, मीठ. मीठ घातलं होतं का आपण?

लिंबाजीनं एका गोष्टीवर सगळा जीव टांगून ठेवला होता. ‘‘डबा गेलाय,’’ तो भिंतीकडं बघून म्हणायचा. ‘‘गजराचा डबा हाय. परत यायचाच. आन् कुणी रिकामा डबा धाडत नसतंय. ताटाला हात न्हाय लावला, पर म्हातारीनं डबा तर नेला? गूळ-साखर घालून आला तर समजायचं, जमलं.’’ सिद्धेश्वरचा फोन ‘‘अजून काय बोलले न्हायती’’ असं सांगून बंद व्हायचा. लिंबाजी मग प्रत्येक एसटीला फाट्यावर जाऊन उभा राहायला लागला. शेवटी त्याचा गुडघा धरला आणि तो घरात बसला.

म्हणून डबा आला तेव्हा फाट्यावर तो नव्हता, वैजनाथ होता. डेअरीत दूध घालून येत होता. नळदुर्गकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं हाक मारली आणि खिडकीतून डबा खाली दिला. डबा जड होता.

जड डबा हातात आला आणि वैजनाथला पायाखालची सडक दिसेनाशी झाली. ‘‘भूमहून आलाय?’’ त्यानं विचारलं.

‘‘कुठलं भूम!’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘त्याच दिवशी ह्याच गाडीत ऱ्हायला. नळदुर्गला कंट्रोलरच्या खोलीत पडून व्हता. म्या रजंवर व्हतो, आज आल्यावर नाव वाचलं. ती म्हातारी उतरताना घ्यायला वाकली व्हती सीटखाली. तो माणूस म्हणला, ऱ्हाऊ दे आई, आपल्याला न्हाय ठेवायचं त्यांचं काही. म्हातारी लई कुरकुरली.’’

गाडी गेली. वैजनाथ घरी न जाता गोठ्यामागं गेला आणि त्यानं झाकण काढलं. आमटीवर पांढरी साय धरली होती, बुरशीची. आंबट भपकारा आला. जशी भरून दिली तशीच होती, काठोकाठ. जगातल्या कुणीही तिला बोट लावलं नव्हतं. वैजनाथनं बोट बुडवलं आणि ओठांपर्यंत नेलं. निदान मीठ तरी कळेल, असं त्या घडीला त्याला खरंच वाटलं. मग त्यानं बोट चड्डीला पुसलं आणि तो म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहिला. संपलं होतं. त्याला ते आता कळलं असं नाही, पण आता ते हातात होतं.

आत आबा बसले होते, डब्याची वाट बघत.

त्यानं डबा राखेनं घासला, दोनदा धुतला. मागच्या दारानं आत येऊन फडताळातली ढेप काढली, गूळ फोडून डब्यात भरला, झाकण लावलं आणि पुढच्या दारानं पुन्हा घरात आला.

‘‘आबा, डबा आला.’’

लिंबाजी धडपडत उठला. गुडघा विसरला.

‘‘बसा,’’ वैजनाथ म्हणाला. ‘‘सोयरीक न्हाय म्हणतेत. त्यांला दुसरं ठिकाण आलंय. पर आमटी लई आवडली म्हणं म्हातारीला. सगळ्यांनी खाल्ली. गूळ धाडलाय.’’

लिंबाजी परत बसला. डबा मांडीवर घेतला, झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग गुळाचा एक खडा तोंडात टाकला. चावला. आणि थांबला. त्या गुळाला डिझेलचा वास होता.

तो कितीतरी वेळ तो खडा तोंडात घोळवत राहिला. वैजनाथला ढेपीचा वास तेव्हा आठवला, आणि तो जमिनीकडं बघायला लागला.

‘‘ग्वाड हाय,’’ लिंबाजी शेवटी म्हणाला. ‘‘चांगली माणसं हायती.’’ त्यानं झाकण घट्ट बसवलं. ‘‘वैजू, आज ती आमटी कर. समद्यांनी खाल्ली म्हणतूस, आपुन कुठं खाल्ली? घरातल्या कुणी तरी खाऊन बघाया पायजे.’’

वैजनाथ उठला. शेगडी पेटवली, कांदा घेतला आणि सवयीनं दार लावायला गेला.

‘‘दार कशाला लावतूस?’’ लिंबाजी म्हणाला. ‘‘ऱ्हाऊ दे उघडं.’’

आच बारीक करून वैजनाथ कांदा परतत राहिला. निधान. लाल झाला, वाटण पडलं, तिखट पडलं, आणि वास उघड्या दारातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर गेला. शेळ्या घेऊन जाणारा एकजण थांबला आणि ओरडला, ‘‘काय मामा, वास लई भारी! पाहुणे आलेत का काय? कोण रांधतंय?’’

लिंबाजी मांडीवर डबा घेऊन ओट्यावर बसला होता. आत वैजनाथचा मिठाच्या बरणीकडं गेलेला हात थांबला.

‘‘पाहुणे न्हायती,’’ लिंबाजी म्हणाला, चांगला मोठ्यानं, आणखी दोन घरांना ऐकू जाईल असा. ‘‘माझं पोरगं रांधतंय.’’

वैजनाथनं मीठ घातलं, आणि ह्या खेपेला बोट बुडवून चव बघितली.